हार्पर आणि बेली असूनही रटगर्स बाहेर: पोर्टल, पैसा आणि नवा मोसम

रॅरिटनकर (धागाकर्ता)

जून २०२५ मधल्या एनबीए ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक संघ नवे खेळाडू क्रमाने निवडतात तो कार्यक्रम) डिलन हार्पर दुसरा गेला, एस बेली पाचवा. दोघंही आमच्या न्यू जर्सीतल्या रटगर्स विद्यापीठाचे. एकाच कॉलेजचे दोन फ्रेशमन, म्हणजे पहिल्या वर्षाची मुलं, पहिल्या पाचांत, आणि त्याच कॉलेजचा २०२४-२५चा मोसम १५ विजय, १७ पराभव! मार्च मॅडनेसच्या, म्हणजे कॉलेज बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या, ६८ संघांत आमचं नाव नाही. केनेसॉ स्टेटकडून हरलो, शेजारच्या प्रिन्स्टनकडून हरलो. एडिसन-पिस्कॅटवे पट्ट्यात ज्यांची मुलं रटगर्सला शिकतात, त्या मराठी घरांत गेला हिवाळाभर याच हळहळीची चर्चा होती.

त्या दोन मुलांबद्दल मला जराही तक्रार नाही. हार्पर डॉन बॉस्को प्रेपचा, म्हणजे जर्सीचाच. त्याचा थोरला भाऊ रॉन ज्युनियर रटगर्सकडून खेळलेला. ड्यूक आणि कॅन्सससारखी घराणी मागे लागलेली असताना तो घरच्या संघाकडे आला, हे मी विसरणार नाही. कमतरता होती ती त्यांच्या भोवती. क्लिफ ओमोरुयी चार वर्षं आमच्याकडे वाढला आणि २०२४ मध्ये पोर्टलमधून (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नोंदणी) अलाबामाला गेला. बास्केटखाली पाय रोवून उभा राहणारा अनुभवी माणूस मग उरलाच नाही. अठरा-एकोणीस वर्षांची दोन पोरं बिग टेन या मोठ्या कॉलेजांच्या गटात, तेवीस वर्षांच्या दणकट गड्यांसमोर, रोज रात्री किती ओढणार?

आता जुलै २०२५ पासून कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देतात. म्हणून प्रश्न असा की मर्यादित पैसा असलेल्या संघाने तो कुणावर लावावा? एका वर्षात एनबीएला जाणाऱ्या ताऱ्यावर, की तीन वर्षं टिकणाऱ्या साध्या खेळाडूवर? आणि पोर्टल असं सताड उघडं असताना तीन वर्षं टिकेल असा खेळाडू मिळतो तरी कुठे? माझं मत आधीच सांगतो. पैसा द्यावा, भरपूर द्यावा, पण दोन्ही बाजूंना बांधणारा करार करून द्यावा. तुम्हा सगळ्यांना काय वाटतं?

---

पर्ड्यूवाला

दादा, तुम्ही विचारलेला खेळाडू वेस्ट लाफायेटला, आमच्या पर्ड्यू विद्यापीठात मिळतो. ब्रेडन स्मिथ, फ्लेचर लॉयर, ट्रे कॉफमन-रेन. तिघंही पहिल्या वर्षापासून पर्ड्यूतच, आणि २०२५-२६ हे त्यांचं शेवटचं वर्ष. त्या मोसमाआधीच्या एपी क्रमवारीत (पत्रकारांच्या मतांवरून ठरणाऱ्या) आम्ही पहिले आलो ते या तिघांच्या जोरावर. स्मिथ हायस्कूलला असताना मोठ्या कॉलेजांनी त्याच्याकडे फारसं पाहिलंही नव्हतं. सहा फुटांचा पॉइंट गार्ड, कोण घेणार? आमचे प्रशिक्षक मॅट पेंटर यांनी घेतला आणि आज त्याच्याएवढं पिक-अँड-रोल (सोबत्याच्या आडोशाने चेंडू पुढे नेण्याची चाल) वाचणारा गार्ड देशात दुसरा नाही.

'प्रॉस्पेक्ट', म्हणजे होतकरू खेळाडू, म्हटलं की लोक उंची आणि उडी बघतात. कॉलेजच्या खेळात मला तीन गोष्टी जास्त महत्त्वाच्या वाटतात: दडपणाखाली चेंडू हातात टिकतो का, बचावात पाय हलतात का, आणि आपली जागा सोडून दुसऱ्याची चूक झाकायला मुलगा जातो का. यातली तिसरी गोष्ट एका वर्षात येत नाही. ती सोबत्यांची सवय झाली की येते.

---

डरहॅमची सायली

पर्ड्यूवाला, तुमचा मुद्दा अर्धा पटला. ड्यूकचा २०२४-२५चा मोसम पाहा. ३५ विजय, ४ पराभव. कूपर फ्लॅग ड्राफ्टमध्ये पहिला, कॉन कनिपल चौथा, खामन मालुआच दहावा, तिघंही फ्रेशमन. पण त्यांच्यासोबत तिसऱ्या वर्षाचा टायरीस प्रॉक्टर होता, टुलेनहून आलेला सायन जेम्स होता, सिरॅक्यूजचा मलिक ब्राउन होता आणि तुमच्याच पर्ड्यूचा मेसन गिलिस होता. म्हणजे तारेही हवेत आणि पोर्टलमधून आलेले पोक्त खेळाडूही. रटगर्सकडे पहिली गोष्ट होती, दुसरी नव्हती.

तरीही सॅन अँटोनिओत, शेवटच्या चार संघांच्या फेरीत, ह्यूस्टनने आम्हाला ७०-६७ हरवलंच. शेवटच्या मिनिटभरात हातातली आघाडी गेली. ह्यूस्टनची मुलं वयाने आणि अंगाने मोठी होती आणि ती प्रत्येक रिबाउंडला जीव खाऊन येत होती. त्या रात्री मला झोप लागली नाही.

२०२५-२६ च्या पिकाबद्दल बोलू. तीन नावं सगळ्यांच्या तोंडी आहेत: ब्रिगम यंगचा एजे डिबँत्सा, कॅन्ससचा डॅरिन पीटरसन, आमचा कॅमरन बूझर. डिबँत्सा अंगापिंडाने आजच एनबीएचा विंग (बाजूने खेळणारा उंच खेळाडू) वाटतो; उन्हाळ्यात लोझानला झालेल्या १९ वर्षांखालील विश्वचषकात तोच सर्वोत्तम खेळाडू ठरला. पीटरसन गार्ड आहे, शॉट स्वतः तयार करतो, आणि माझ्या मते तिघांत त्याच्याच खेळात सर्वांत कमी खोट आहे. बूझरबद्दल 'उडी कमी, बचावात हळू' असं लिहिलं जातं. पण हा मुलगा ज्या संघात जातो तो संघ जिंकतो. मायामीच्या कोलंबस हायस्कूलला सलग चार वेळा राज्यविजेता करून आलाय. त्याचे वडील कार्लोस २००१ मध्ये ड्यूककडून विजेते झाले होते. ड्राफ्टमध्ये पहिला कोण हा प्रश्न वेगळा. कॉलेजच्या मोसमात सर्वाधिक उपयोगी कोण ठरेल असं विचाराल, तर मी बूझरचं नाव घेईन.

---

हिशेबनीस

पैशाचे आकडे एकदा नीट मांडतो, कारण वर 'भरपूर द्यावा' असं आलंय.

हाऊस विरुद्ध एनसीएए (कॉलेजांच्या खेळांचे नियम ठरवणारी संस्था) या खटल्यातली तडजोड न्यायाधीश क्लॉडिया विल्किन यांनी ६ जून २०२५ रोजी मंजूर केली. तिचे दोन भाग आहेत. २०१६ पासूनच्या जुन्या खेळाडूंना दहा वर्षांत मिळून सुमारे २.८ अब्ज डॉलरची भरपाई. आणि १ जुलैपासून प्रत्येक कॉलेजला पहिल्या वर्षी जास्तीत जास्त सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर खेळाडूंना थेट वाटायची मुभा. हा आकडा सगळ्या खेळांचा मिळून आहे. अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या मोठ्या कॉलेजांत त्यातला साधारण तीन चतुर्थांश फुटबॉलला जातो आणि १५ टक्क्यांच्या आसपास पुरुष बास्केटबॉलला. म्हणजे तीस लाखांच्या थोडं वर. रोस्टर, म्हणजे संघाची यादी, १५ जणांची. सरासरी माणशी दोन लाख. डिबँत्साच्या तोडीच्या मुलाची बाजारातली किंमत एकट्याचीच याहून जास्त असेल.

उरलेला पैसा बाहेरून येतो, म्हणजे स्वतःचं नाव आणि छबी वापरू देण्याचे करार, ज्याला सगळे एनआयएल म्हणतात. ६०० डॉलरच्या वरचा प्रत्येक करार आता डेलॉइटने चालवलेल्या 'एनआयएल गो' या यंत्रणेकडे नोंदवावा लागतो. खरा जाहिरातीचा करार आहे की चाहत्या धनिकाने दिलेला छुपा पगार, ते तिथे तपासतात. ज्या कॉलेजला मोठं फुटबॉल नाही, उदाहरणार्थ सेंट जॉन्स, ते आपला बहुतेक पैसा बास्केटबॉलला देऊ शकतं. सेंट जॉन्सच्या बिग ईस्ट गटाला हा फायदा पुढची काही वर्षं मिळत राहील असं मला वाटतं.

रॅरिटनकर, रटगर्सच्या क्रीडा विभागाची तूट विद्यापीठाच्या तिजोरीतून आणि विद्यार्थ्यांच्या फीमधून भरली जाते. कॉम्प्युटर सायन्स शिकणाऱ्या मुलीच्या फीचा एक हिस्सा पॉइंट गार्डच्या करारापर्यंत पोचतो. याचा विचार कुणी करायचा?

---

नागपाडाकर

मी मुंबईत नागपाड्याच्या मस्तान वायएमसीएच्या कोर्टवर वाढलो. तिथे गल्लीतला मुलगा गल्लीच्याच संघाकडून खेळायचा आणि म्हातारी माणसं त्याला नावाने हाक मारून शिव्या आणि शाबासकी दोन्ही द्यायची. आता जर्सी सिटीत राहतो. २०२२ चा मार्च मी जन्मात विसरणार नाही. सेंट पीटर्स, आमच्या केनेडी बुलेव्हार्डवरचं एवढंसं कॉलेज, १५वं मानांकन. त्यांनी केंटकीला ओव्हरटाइममध्ये हरवलं, मरे स्टेटला हरवलं, पर्ड्यूला हरवलं. १५व्या मानांकनाचा संघ एलिट एटमध्ये, म्हणजे शेवटच्या आठांत, जाण्याची ती पहिलीच वेळ. रस्त्यावर गुजराती दुकानदारापासून फिलिपिनो नर्सपर्यंत सगळे मोरपंखी निळ्यात.

आणि मग? नॉर्थ कॅरोलायनाकडून हरल्यावर काही दिवसांतच प्रशिक्षक शाहीन हॉलोवे सीटन हॉलला गेले. केसी एनडेफो त्यांच्या मागोमाग गेला. डग एडर्ट ब्रायंटला, डॅरिल बँक्स सेंट बोनाव्हेंचरला. पुढच्या मोसमात त्या संघाला ओळखणं कठीण झालं.

मी कुणाला दोष देत नाही. एडर्टला मिशांमुळे प्रसिद्धी मिळाली, त्याने ती वापरली, बरोबरच केलं. पण माझ्या शेजारच्या पोरांनी ज्यांचे टी-शर्ट घेतले त्यांतलं कुणीच हिवाळ्यात कोर्टवर नव्हतं. लहान कॉलेजांच्या वाट्याला आता मुलं घडवून मोठ्यांच्या हवाली करण्याचं काम आलंय आणि त्याचा मोबदला शून्य. युरोपातल्या फुटबॉलमध्ये खेळाडू मोठ्या क्लबकडे गेला की ज्या क्लबने त्याला लहानपणी घडवलं त्याला पैसे मिळतात. इथे सेंट पीटर्सला का मिळू नयेत?

---

तारीख पे तारीख

मी वकील आहे, खेळाच्या कायद्यात काम करत नाही, पण हे खटले आवडीने वाचत आलोय.

नागपाडाकर, तुमचं दुःख कळतं. पण पोर्टल बंद करा म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट पाहावी. हॉलोवे गेले तेव्हा त्यांना एक वर्ष बाकावर बसावं लागलं नाही. प्रशिक्षकाला कधीच बसावं लागत नव्हतं. खेळाडूला मात्र २०२१ पर्यंत बसावं लागायचं. मग एकदा बदलायची सूट मिळाली. डिसेंबर २०२३ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या संघीय न्यायालयाने दुसऱ्यांदा बदलणाऱ्यांवरची बंदीही थांबवली आणि एप्रिल २०२४ मध्ये एनसीएएने नियमच काढून टाकला. २०२५ च्या वसंतात दोन हजारांवर मुलं पोर्टलमध्ये गेली.

हे सगळं एकाच कारणाने घडतं. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या संस्थांनी एकत्र येऊन कामगाराची किंमत ठरवली किंवा त्याच्या हालचालीवर बंदी घातली, तर तो मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग होतो. २१ जून २०२१ रोजी ऑल्स्टन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचे नऊच्या नऊ न्यायाधीश एनसीएएच्या विरुद्ध गेले. तो खटला फक्त शिक्षणाशी निगडित लाभांपुरता होता. पण न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी स्वतंत्र मतात स्पष्ट लिहिलं की एनसीएए कायद्याच्या वर नाही.

एनबीएत पगाराची मर्यादा चालते, ड्राफ्ट चालतो, कारण तिथे खेळाडूंची संघटना आहे आणि तिने ते नियम वाटाघाटीत मान्य केलेत. कॉलेजात संघटना नाही. म्हणून इथला प्रत्येक नियम आज ना उद्या कोर्टात जातो. डार्टमथच्या मुलांनी मार्च २०२४ मध्ये १३ विरुद्ध २ मतांनी संघटना करायचं ठरवलं होतं, पण वर्ष संपताना तो अर्ज मागे घेतला गेला. जुलै २०२५ मध्ये अमेरिकी काँग्रेसमध्ये (संसदेत) आलेलं स्कोअर विधेयक दुसरीच वाट सांगतं: एनसीएएला संरक्षण द्या आणि खेळाडू कर्मचारी नाहीत असं जाहीर करा. मला ती वाट अन्यायाची वाटते. रॅरिटनकरांना हवा असलेला तीन वर्षांचा करार आजही करता येतो. पण मुलाला तीन वर्षं बांधायचं असेल, तर दुखापत झाली, प्रशिक्षक बदलला, तरी तीन वर्षांचा पैसा त्याला मिळालाच पाहिजे. किती कॉलेजं असं लिहून देतील?

---

रॅरिटनकर

अगदी हेच म्हणायचं होतं. दोन्ही बाजूंना बांधणारा, म्हणजे कॉलेजलाही बांधणारा.

हिशेबनीस, फीचा मुद्दा गंभीर आहे आणि त्याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. पण तूट काही खेळाडूंना पैसे देऊन झालेली नाही, ती आधीपासूनची आहे. मार्च मॅडनेसच्या प्रक्षेपणासाठी सीबीएस आणि टर्नर यांनी २०३२ पर्यंतच्या शेवटच्या आठ वर्षांचे ८.८ अब्ज डॉलर कबूल केलेत. इतकी वर्षं तो पैसा प्रशिक्षकांच्या पगारात आणि सरावाच्या इमारतींत जातच होता.

आणि या लढ्यात आमच्या रटगर्सचं नाव आहे याचा मला अभिमान आहे. २०२१ मध्ये आम्ही ३० वर्षांनी एनसीएए स्पर्धेत गेलो. त्याच मार्चमध्ये इंडियानापोलिसच्या बबलमधून (करोनामुळे सगळ्या संघांना एकत्र, बाहेरच्यांपासून दूर ठेवलं होतं तिथून) आमचा जिओ बेकर, मिशिगनचा आयझाया लिव्हर्स आणि आयोवाचा जॉर्डन बोहॅनन यांनी 'आम्ही एनसीएएची मालमत्ता नाही' ही मोहीम उघडली. बेकरचं म्हणणं साधं होतं: संगीताची स्कॉलरशिप घेणारा विद्यार्थी अल्बम विकून कमवू शकतो, मग मी माझ्या नावावर का कमवू शकत नाही? साडेतीन महिन्यांत, १ जुलैला, ते दार उघडलं. त्याला स्वतःला फायदा झाला तो जेमतेम एका मोसमाचा.

२०१४ मध्ये विजेतेपद घेऊन आलेल्या कनेक्टिकटच्या शबाझ नेपियरने पत्रकारांना सांगितलं होतं की काही रात्री आपण उपाशी झोपतो. त्यानंतर काही दिवसांतच एनसीएएने जेवणावरची मर्यादा उठवली. ज्या खेळात अब्जावधी फिरतात त्यातल्या मुलाने भुकेबद्दल बोलल्यावर जेवण मिळावं, हे मला आजही सहन होत नाही.

---

मृदगंधा

सगळी चर्चा पुरुषांच्या संघांवर चाललीय. हिशेबनीसांनी फुटबॉल ७५, पुरुष बास्केटबॉल १५ असं सांगितलं. त्याच प्रथेत महिला बास्केटबॉलच्या वाट्याला ५ टक्के येतात, आणि बाकीच्या सगळ्या खेळांना मिळून उरलेले ५. २०२४ मध्ये साउथ कॅरोलायना आणि आयोवा यांची फायनल पुरुषांच्या फायनलपेक्षा जास्त लोकांनी पाहिली, असं इतिहासात पहिल्यांदा घडलं. केटलिन क्लार्कने कॉलेजात ३,९५१ गुण केले, पुरुष-महिला मिळून डिव्हिजन वनचा, म्हणजे कॉलेज खेळाच्या सर्वांत वरच्या स्तराचा विक्रम. डब्ल्यूएनबीएत (महिलांच्या व्यावसायिक लीगमध्ये) तिचा पहिल्या वर्षाचा पगार होता ७६,५३५ डॉलर. मुलींसाठी कॉलेजची चार वर्षं हाच कमाईचा मोठा काळ असू शकतो, आणि तिथेच त्यांना ५ टक्के?

१९७२ चा टायटल नाइन कायदा सांगतो की शिक्षणसंस्थेत लिंगावरून भेदभाव नको. जुन्या भरपाईच्या वाटपाविरुद्ध काही महिला खेळाडू २०२५ मध्ये याच मुद्द्यावर अपिलात गेल्या आणि त्यामुळे ते पैसे अडकले. उशीर झाला म्हणून त्यांना नावं ठेवणाऱ्यांनी आधी हे वाटप वाचावं.

आणि वकीलसाहेबांचा दुखापतीचा मुद्दा मला फार जवळचा आहे. मार्च २०२५ मध्ये जूजू वॉटकिन्सच्या गुडघ्याचं लिगामेंट फाटलं तेव्हा ती देशातली सर्वोत्तम खेळाडू होती. तिच्या मागे मोठ्या जाहिराती आहेत, ती सावरेल. पण बाकावरच्या बाराव्या मुलीचं असंच लिगामेंट फाटलं, तर पुढच्या वर्षीची स्कॉलरशिप कोण देणार? माझ्या मते पहिला नियम तिच्यासाठी व्हायला हवा.

---

हिशेबनीस

मृदगंधाताई, ते प्रमाण कायद्याने ठरलेलं नाही, कॉलेज आपलं ठरवतं. म्हणजे दबाव कॉलेजवर आणता येतो, माजी विद्यार्थ्यांनी आणावा. दुखापतीच्या हमीबद्दल पूर्ण सहमत.

---

पर्ड्यूवाला

नागपाडाकर, २०२२ ची आठवण काढलीत, जखम ताजी झाली. पण तुमच्या मोबदल्याच्या सूचनेला माझा पाठिंबा आहे. फ्लोरिडाने एप्रिल २०२५ मध्ये ह्यूस्टनला ६५-६३ हरवून विजेतेपद घेतलं, त्यांचे तीन मुख्य गार्ड पाहा. वॉल्टर क्लेटन आयोनाहून आलेला, विल रिचर्ड बेलमाँटहून, अलायजा मार्टिन फ्लोरिडा अटलांटिकहून. तिघांनाही आधी दुसऱ्या कुणी शिकवलं. क्लेटन फायनल फोरचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, तेव्हा आयोनाच्या हाती काय आलं? आणि यंदा त्याच फ्लोरिडाने प्रिन्स्टनचा झेव्हियन ली नेला. प्रिन्स्टनच्या आयव्ही लीगमध्ये खेळाची स्कॉलरशिपच नाही, तो का थांबेल?

एक चांगली बाजूही आहे. यॅक्सेल लेंडेबोर्ग ज्युनियर (दोन वर्षांच्या) कॉलेजातून वर आला, अलाबामा-बर्मिंगहॅमला खेळला, यंदा ड्राफ्टमधून नाव मागे घेऊन मिशिगनला गेला. पूर्वी असा मुलगा ड्राफ्टच्या तळाला निवड होईल या आशेवर पदवी सोडायचा. आता कॉलेजातच बरी कमाई होते म्हणून मुलं थांबताहेत. डिव्हिजन वनमध्ये ३६० च्या वर संघ, पाच हजारांच्या आसपास खेळाडू, आणि २०२५ च्या ड्राफ्टमध्ये निवडी ५९. त्यातही परदेशातून थेट येणारे आहेत. पदवी हवीच.

---

कोथरूडची मावशी

हा धागा सकाळपासून वाचतेय. माझा भाचा पुण्यात अकरावीला आहे, सहा फूट सात इंच, राज्याच्या संघात खेळतो. त्याला अमेरिकेत कॉलेजकडून खेळायचंय. त्यालाही हे पैसे मिळतील का? घरच्यांना वाटतंय की शिक्षणाचा खर्च त्यातूनच निघेल.

---

तारीख पे तारीख

मावशी, इथे थोडं सावध सांगतो. भाचा एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर येणार. स्कॉलरशिप घ्यायला काहीच अडचण नाही. शिकवणी, राहणं, जेवण त्यात येऊ शकतं. पण एफ-१ वर काम करायला कडक बंधनं आहेत आणि जाहिरातीची कमाई किंवा कॉलेजकडून मिळणारा वाटा त्यात कसा बसवायचा हे स्पष्ट झालेलं नाही. पर्ड्यूचा झॅक एडी कॅनडाचा, सलग दोन वर्षं देशाचा सर्वोत्तम खेळाडू, तरी त्याचे हात बांधलेले होते. केंटकीचा ऑस्कर शिब्वे काँगोचा. २०२२ मध्ये संघ बहामाला गेला तेव्हा अमेरिकेबाहेर असतानाच त्याने जाहिरातींची कामं उरकली. व्हिसा गेला तर खेळ आणि शिक्षण दोन्ही जातं. म्हणून या पैशावर घराचं गणित मांडू नका.

---

नागपाडाकर

मावशी, आपल्याकडची मुलं मुली इथे आलीत, नाउमेद होऊ नका. हरसिमरन कौर एनबीए अकादमीतून सॅन दिएगोला, बंगळूरची संजना रमेश नॉर्दर्न ॲरिझोनाला, अमान संधू इथे जर्सीतच मॉनमथला.

आत्ताच करायची कामं सांगतो. नववीपासूनच्या सगळ्या गुणपत्रिका जपून ठेवा. एनसीएएचं पात्रता केंद्र १६ मुख्य विषय मोजतं आणि सरासरी किमान २.३ (४ पैकी) लागते. बारावीनंतर वर्षापेक्षा जास्त खंड पडू देऊ नका, खेळण्याचं वर्ष कापलं जाऊ शकतं. व्हिडिओ पाठवताना नुसते डंक नकोत, बचावाचे आणि चेंडू नसतानाचे तुकडे घाला, प्रशिक्षक तेच बघतात. आणि कुणी एजंट पैसे मागत आला तर सही करण्याआधी इथे विचारा.

---

डरहॅमची सायली

मावशी, यात एक भर घालते. कॉलेजचं पत्र आलं की स्कॉलरशिप एका वर्षाची आहे की चार वर्षांची, आणि दुखापत झाली तर ती चालू राहते का, हे ईमेलवर लेखी विचारून घ्या. भाच्याचा खेळाचा व्हिडिओ असेल तर मला व्यक्तिगत निरोपातून पाठवा, मी आणि पर्ड्यूवाला मिळून बघतो.